अंगावर काढलेला प्रवास

लंडनच्या दुमजली बसवर दोन माणसं नोकरीला असत, ड्रायव्हर आणि कंडक्टर. वयं जवळपास सारखी, घरं एकाच तऱ्हेच्या वस्तीत, पगारातही जमीन-अस्मानाचा फरक नाही. ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसून असे. कंडक्टर तिकिटं देत वरखाली करी आणि दिवसाकाठी 500 ते 750 पायऱ्या चढे. दुसऱ्या महायुद्धानंतर जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने या दोघांच्या हृदयाची चौकशी सुरू केली. हा गृहस्थ युद्धकाळात लष्करी डॉक्टर म्हणून काही वर्षं भारतात काढून परत गेलेला. त्या सुमारास इंग्लंडात हार्ट अटॅक वाढत चालले होते आणि ते का वाढतायत हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. मॉरिसने लंडनच्या वाहतूक सेवेतल्या 35 ते 64 वयाच्या सुमारे 31 हजार पुरुषांच्या आजारपणाच्या नोंदी चाळल्या. 1953 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आला. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होतो, झालाच तर उशिरा होतो, आणि झटका आल्यावर लगेच दगावणारेही त्यांच्यात कमी.

शंका घेणारे तेव्हाही होतेच. ड्रायव्हर मुळातच जाडे असतील, असं म्हटलं गेलं. मग मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी थेट गणवेशाच्या नोंदवह्या मागवल्या. कंपनी पँट शिवून देत असल्याने प्रत्येकाच्या कमरेचं माप वहीत होतं. ड्रायव्हरांची कंबर खरोखरच मोठी निघाली, शंका घेणाऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर ठरलं. पण पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की कंबर सारखी असली तरी पायऱ्या चढणाऱ्याचं हृदय जास्त धड राहतं. साथरोगशास्त्रात शिंप्याच्या वहीला एवढा मान बहुधा दुसऱ्यांदा मिळालेला नाही. मॉरिस स्वतः पुढे नियमाने पळायला लागला आणि 2009 साली वयाच्या 99व्या वर्षी गेला.

हे सगळं आठवायचं कारण असं, की प्रवास हा आपल्याकडे वेळेचा आणि पैशाचा विषय समजला जातो. पूल झाला की किती मिनिटं वाचली ते सांगतात, मेट्रो सुरू झाली की तिकीट किती ते छापून येतं. प्रवासाने माणसाच्या कमरेचं, फुप्फुसाचं, मूत्रपिंडाचं, झोपेचं काय केलं, हा हिशोब कुठल्याच फायलीत नसतो. तो माणसं अंगावर काढतात.

मुंबईत बेस्टची दुमजली बस 1937 साली आली. डिझेलवर चालणारी शेवटची दुमजली गाडी सप्टेंबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा लोकांनी हार घालून, फोटो काढून तिला निरोप दिला. हळहळ वरच्या मजल्यावरच्या पुढच्या सीटसाठी होती, ते स्वाभाविकच. तिच्यासोबत गाडीत फिरणारा कंडक्टरही कमी होत गेला, त्याच्यासाठी कुणी हळहळलं नाही. आता विजेवरच्या, वातानुकूलित दुमजली गाड्या मोजक्या मार्गांवर धावतात. बाकी कंत्राटाच्या छोट्या बसगाड्या वाढल्या आणि कित्येक मार्गांवर कंडक्टर थांब्यावरच तिकिटं फाडून खाली राहतो. ड्रायव्हर मात्र पूर्वी बसायचा तसाच बसलेला आहे.

एसटीच्या ड्रायव्हरची केबिन एकदा जवळून पाहावी. जुन्या बांधणीच्या गाडीत इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. बॉनेटवर जाड आच्छादन, त्यावर कुणीतरी टाकलेली पिशवी, उशिरा चढलेला एखादा प्रवासी आणि त्याचा डबा. एप्रिल-मे महिन्यात त्या बॉनेटवर हात ठेववत नाही. सीटच्या पाठीला टॉवेल, आरशाजवळ देवाची तसबीर आणि कालच्या हाराचं सुतळीला लटकलेलं शेवटचं फूल. घाटात गिअर बदलताना डावा खांदा आणि डावा गुडघा दोन्ही कामाला लागतात. वर्षानुवर्षं हीच हालचाल त्याच बाजूला केलेल्या ड्रायव्हरला खांदा कुठला दुखतो, हे विचारावं लागत नाही. मुक्कामी गाडी असली तर रात्री खेड्यात पोचायचं, गाडीतच किंवा देवळाच्या ओट्यावर पथारी टाकायची, आणि पहाटे पाचच्या आत पुन्हा स्टिअरिंग. जेवण मिळेल तेव्हा. कंडक्टर निदान गर्दीतून वाट काढत मागेपुढे फिरतो. एक घंटा थांब, दोन घंटा चल, ही त्याची भाषा. त्याची दुखणी वेगळी, धक्क्यांची, पायांच्या शिरांची आणि सुट्ट्या पैशांवरून होणाऱ्या भांडणांची.

कायदा नाही असं नाही. 1961च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास, आणि कामाची सुरुवात ते शेवट मिळून 12 तासांपेक्षा जास्त पसारा नको, असं स्पष्ट लिहिलं गेलं. डेपोत जाऊन डबल ड्युटी म्हणजे काय, हे कुणालाही विचारा. गाडी वेळेवर सुटली का, डिझेल किती लागलं, उत्पन्न किती आलं, याचे तक्ते भिंतीवर असतात. माणसाला झोप किती मिळाली याचा तक्ता नसतो. समृद्धी महामार्गासारख्या सरळ, सपाट, ओसाड रस्त्यावर रात्रीच्या प्रवासात काय होऊ शकतं, ते 1 जुलै 2023च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बसमधल्या 25 जणांनी जीव देऊन दाखवलं. त्या बसच्या अपघाताची नेमकी कारणं तपास यंत्रणांनी आपापल्या परीने मांडली. पण रात्रभर चालणाऱ्या खासगी गाड्यांच्या चालकांना विश्रांती कोण देतं आणि ते कोण तपासतं, हा प्रश्न त्या अपघाताच्या आधीही होता आणि नंतरही आहे.

आता लोकल. मुंबईच्या माणसाचं आयुष्य लोकलवर चालतं हे सांगून झिजलेलं वाक्य आहे, तरी आकडा पुन्हा पाहायला हरकत नाही. रोज सुमारे 75 लाख प्रवासी. रेल्वेच्या भाषेत गाडीच्या गर्दीला एक खास पायरी आहे, उभ्या प्रवाशांसाठी दर चौरस मीटरला 14 ते 16 माणसं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन घरच्या फरशीवर खडूने आखावा आणि त्यात पंधरा माणसं उभी करून पाहावीत. श्वास घ्यायला छाती फुगवायची तर शेजाऱ्याने आपली आत घ्यावी लागेल.

2023 साली मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर 2,590 माणसं मेली, 2024 साली 2,468. सगळ्यात मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा, त्याखालोखाल चालत्या गाडीतून पडणाऱ्यांचा. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेच्या निमित्ताने वीस वर्षांची बेरीज पुढे आली, ती 51 हजारांच्या वर होती. मध्यम आकाराचं एक तालुक्याचं गाव पुसलं गेलं, असं समजा. न्यायालयाने रेल्वेला चांगलंच सुनावलं. बातमी दोन दिवस चालली.

9 जून 2025च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर, शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं रुळावर पडली. पाच जणांचा जीव गेला. त्यानंतर बिगरवातानुकूलित नव्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायचा निर्णय रेल्वेने जाहीर केला. चांगलं आहे. पण दार बंद झालं की दारात लटकणारी माणसं आत कुठे जाणार, हे त्या दाराला माहीत नसतं. वातानुकूलित लोकल 25 डिसेंबर 2017 पासून धावते, तिची दारं बंदच असतात. 2022 साली कळव्यात आणि बदलापुरात प्रवाशांनी तिच्याविरुद्ध आंदोलन केलं, कारण साध्या गाडीची फेरी काढून तिची फेरी घातली होती. गार हवेला कुणाचा विरोध नव्हता. जे तिकीट परवडत नाही त्यासाठी आपली गाडी गेली, एवढाच राग होता. गाड्या वाढल्या, डबे पंधरा झाले, दोन गाड्यांमधलं अंतर कमी झालं, तरच दारातला माणूस आत येईल. तोपर्यंत दार बंद करणं म्हणजे ताप मोजणारा थर्मामीटर लपवून ठेवणं.

मरण मोजता तरी येतं. रोजच्या झिजेचं काय? संध्याकाळी सहा-साडेसहाच्या कर्जत गाडीचा बायकांचा डबा पाहा. गाडी फलाटाला लागण्याआधीच उड्या पडतात. खिडकी ज्यांची त्यांची ठरलेली, मधली सीट ओळखीतली, आणि चौथी सीट म्हणजे अर्ध्या मांडीची जागा, उरलेला अर्धा माणूस हवेत. ‘कुठे उतरणार?’ हा पहिला प्रश्न. ठाणं म्हटलं की चेहरा उजळतो, बदलापूर म्हटलं की प्रश्न पुढच्या बाईकडे सरकतो. मांडीवरच्या पिशवीतून गवारीच्या शेंगा निघतात, कागदावर निवडल्या जातात, शिरा पर्समधल्या पिशवीत. घरी पोचल्यावर कुकर लावायचा, तेवढी वीस मिनिटं वाचली. उभ्या असलेल्या बायकांच्या पाठीत डोंबिवलीपर्यंत कळ येते. मुंब्रा गेल्यावर कुणीतरी म्हणतं, बस गं जरा, मी पाच मिनिटं उभी राहते. गाडीत हा हक्क कुठल्या तिकिटावर छापलेला नाही.

याच डब्यातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात गुप्त दुखणं म्हणजे पाणी न पिणं. कल्याणची बाई सकाळी सातला घरून निघते, साडेनऊपर्यंत तिला स्वच्छतागृह मिळणार नसतं, मिळालं तर जावंसं वाटेल असं नसतं. म्हणून ती सकाळी पाणी पीत नाही. संध्याकाळीही तेच. मूत्रमार्गाचा संसर्ग वरचेवर होणं, खडे होणं, यांची मुळं अशा सवयींत असतात, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. पण केसपेपरवर ‘मध्य रेल्वे’ असं कारण लिहायची सोय नाही. मुंबईत ‘राइट टू पी’ नावाची मोहीम 2011 पासून बायकांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्या मागते आहे. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, ही साधी गोष्ट लोकांच्या लक्षात आणून द्यायलाही आंदोलन करावं लागलं. एसटीच्या महिला कंडक्टरची अवस्था तर आणखी वाईट. तिचं स्वच्छतागृह दर दोन तासांनी बदलतं, आणि आडगावच्या स्टँडवर ते असतंच असं नाही.

अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या डॅनियल कानेमन यांनी सहकाऱ्यांसोबत 2004 साली छापलेल्या एका अभ्यासात टेक्सासमधल्या 909 नोकरदार स्त्रियांना विचारलं होतं, कालच्या दिवसातल्या कुठल्या वेळी तुम्हाला कसं वाटत होतं. गप्पा, जेवण, टीव्ही, स्वयंपाक, मुलं, ऑफिस, सगळ्यांच्या खाली तळाला होता सकाळचा कामावर जायचा प्रवास. टेक्सासच्या त्या बाया बहुतेक करून आपापल्या मोटारीत एकेकट्या बसून जात असणार. इथेच मला आपल्या लोकलबद्दल थोडं चांगलंही बोलावंसं वाटतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणं लागतात, पूजा होते, पेढे वाटले जातात. पुरुषांच्या डब्यात भजनी मंडळं टाळ घेऊन चढतात. (शेजारच्याला आदल्या रात्रीची झोप पुरी करायची असते, हा त्याचा प्रश्न.) बायकांच्या ग्रुपमध्ये डोहाळजेवण होतं, भिशी चालते, नवऱ्याच्या आजारपणात पैसे जमतात. 5 मे 1992 रोजी पश्चिम रेल्वेने बायकांसाठी स्वतंत्र लोकल सुरू केली, तेव्हापासून त्या गाडीत किती मैत्रिणी झाल्या असतील याला गणती नाही. एकटेपणा हृदयाला वाईट असतो हे आता डॉक्टरही सांगतात. गर्दीने शरीराचे हाल केले, पण ओळखीच्या चार माणसांनी मन सांभाळलं, असं कित्येकांच्या बाबतीत झालं. याचं श्रेय रेल्वेने घेऊ नये. माणसांनी ते स्वतःच्या हिमतीवर केलेलं आहे.

आणखी एक गोष्ट लोकलच्या बाजूने जाते. लंडनचा कंडक्टर चढायचा त्या पायऱ्या आज मुंबईचा प्रवासी चढतो. स्टेशनचा पूल, फलाट, पुन्हा पूल, मग रिक्षाची रांग सोडून पंधरा मिनिटं चाल. मोटारीतून पार्किंग ते पार्किंग जाणाऱ्या साहेबापेक्षा त्याच्या ऑफिसातल्या शिपायाचे पाय जास्त चालतात. मॉरिस आज असता तर दादरच्या पुलावर वही घेऊन उभा राहिला असता. फक्त त्याला तिथे उभं राहायला जागा मिळाली असती का, हे सांगवत नाही. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोडच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या अरुंद पुलावर पाऊस आला म्हणून माणसं थांबली, मागून गर्दी चढत राहिली, आणि 23 जण चेंगरून मेले. चालणं हे औषध आहे खरं, पण ते घेताना माणूस जगला पाहिजे.

चालणाऱ्याची ही परवड स्टेशनबाहेरही संपत नाही. मुंबईत रोजच्या येण्याजाण्यात सगळ्यात मोठा वाटा पायी चालण्याचा आहे, आणि रस्त्यावर मरणाऱ्यांत बहुसंख्य पादचारी आणि दुचाकीस्वार. देशात 2023 साली रस्त्यांवर 1 लाख 72 हजारांवर माणसं मेली, त्यांतली निम्म्याच्या आसपास दुचाकीवरची. महाराष्ट्राचा वार्षिक आकडा 15 हजारांवर आहे. पुण्यात तर सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पिढीची नातवंडं आता हेल्मेटसक्ती हा पुणेकरांच्या स्वाभिमानावरचा घाला आहे, असं मानतात. यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही.

रहदारी माणसांना मारते तशीच ती शेजारधर्मही मारते. डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनेच्या प्राध्यापकाने सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एकसारख्या दिसणाऱ्या तीन रस्त्यांवरच्या घरांत जाऊन लोकांची विचारपूस केली. एका रस्त्यावरून दिवसाला 2 हजार गाड्या जात, दुसऱ्यावरून 8 हजार, तिसऱ्यावरून 16 हजार. पहिल्या रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र होते, शेवटच्या रस्त्यावर एकही पुरता नाही, 0.9. कमी गाड्यांच्या रस्त्यावरचे लोक अख्ख्या रस्त्याला आपलं म्हणत, जास्त गाड्यांच्या रस्त्यावरचे खिडक्या बंद करून मागच्या खोलीत राहत. पुणे, नाशिक, ठाणे इथल्या ज्या गल्ल्यांत वीस वर्षांपूर्वी मुलं क्रिकेट खेळत आणि आजीबाई ओट्यावर बसत, तिथे आज दोन्ही बाजूंनी मोटारी उभ्या आहेत आणि मधून हॉर्न वाजवत रांग जाते. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही आपली कायद्याची मर्यादा आहे. ती वाचून हसू येतं. ॲपलयार्ड 1982 साली अथेन्समध्ये भरधाव मोटारीखाली सापडून गेला.

ठरवलं तर बदल होतो, याचंही उदाहरण आपल्याकडेच आहे. पेट्रोलमध्ये शिसं घातलं जात होतं आणि ते रस्त्याच्या कडेला वाढणाऱ्या मुलांच्या रक्तात आणि मेंदूत जात होतं. 1995 पासून महानगरांत शिसंविरहित पेट्रोल यायला लागलं आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर तेच मिळू लागलं. त्यासाठी एकाही आईला मुलाला काही शिकवावं लागलं नाही, एकाही माणसाला सवय बदलावी लागली नाही. वाहतुकीच्या एका हुकमाने जे झालं ते शेकडो आरोग्य शिबिरांनी झालं नसतं.

आणि शहर सोडून बाहेर पडलं की हिशोब उलटा होतो. तिथे प्रवास जास्त असल्याने दुखणी येत नाहीत, प्रवासाची सोय नसल्याने येतात. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर एसटीची पहिली गाडी धावली. तेव्हापासून खेड्यातल्या माणसाचा दवाखाना म्हणजे आधी एसटी आणि मग डॉक्टर. 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आली, अपघाताला, सर्पदंशाला, छातीत दुखायला लागलं तर ती येते. पण महिन्याच्या बीपीच्या गोळ्या आणायला, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायला, म्हातारीचा मोतीबिंदू दाखवायला 108 येत नाही. त्याला सकाळची सातची गाडी लागते आणि संध्याकाळची परतीची. 2021च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. कामगारांची बाजू खरी होती, पगार तुटपुंजे होते, आत्महत्या झाल्या होत्या. त्या महिन्यांत वडापच्या जीपवाल्यांनी दर वाढवले, आणि ज्यांना तेही परवडलं नाही त्यांनी दुखणं पुढच्या महिन्यावर ढकललं. किती जणांनी ढकललं, याची नोंद कुठल्याही रुग्णालयात सापडणार नाही, कारण जो आलाच नाही त्याचा केसपेपर निघत नाही.

नंतर 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. रेवडी म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांत राज्यात आलेल्या आरोग्य योजनांपैकी या दोन फार मोलाच्या आहेत, आणि त्या आरोग्य खात्याने आणलेल्या नाहीत. माहेरी जाऊन येणारी बाई, तालुक्याला जाऊन डोळे तपासून घेणारे आजोबा, पारावरून उठून जिल्ह्याच्या गावी मित्राला भेटून आलेला म्हातारा, यांच्या तब्येतीला काय मिळालं ते मोजायची कुणाची तयारी नाही. मोजलं तर एसटीचा तोटा तेवढा तोटा दिसणार नाही. जानेवारी 2025 मध्ये भाडं जवळजवळ 15 टक्क्यांनी वाढलं, तेव्हाही चर्चा महामंडळाच्या ताळेबंदाचीच झाली.

मत मागायला दारात उमेदवार आला की तो मेट्रोचे किलोमीटर आणि उड्डाणपुलांचे खांब सांगेल. ते त्याला सांगू द्या. मग त्याला विचारा, स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून काठी टेकत जाता येतं का, बायकांच्या स्वच्छतागृहाला रात्री अकरा वाजता कुलूप असतं की नाही, आणि आपल्या गावाची सकाळची एसटी बंद का झाली. उत्तर येईपर्यंत त्याला दारातच उभं ठेवा.